डिसेप्शन बेटावर प्रथमच उतरणाऱ्यांसाठी: ज्वालामुखीच्या कुंडात शिरण्याची तयारी

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या उत्तरेला, ब्रान्सफील्ड सामुद्रधुनीच्या पलीकडे, साउथ शेटलंड नावाची बेटांची एक रांग आहे. या रांगेच्या दक्षिण अंगाला, 62 अंश 57 मिनिटे दक्षिण अक्षांशावर, डिसेप्शन हे बेट आहे. ते जागृत ज्वालामुखी आहे आणि त्याच्या मधोमध समुद्र शिरलेला असल्यामुळे प्रवासी जहाज थेट ज्वालामुखीच्या आत जाऊन नांगर टाकू शकते. पृथ्वीवर अशा जागा फारच थोड्या आहेत. अंटार्क्टिकाच्या पर्यटन-सफरींमध्ये हे बेट बहुधा एका सकाळीपुरते किंवा एका दुपारीपुरते येते, आणि पूर्वतयारी नसेल तर तो वेळ काळी वाळू आणि गंजलेल्या टाक्या यांची छायाचित्रे काढण्यातच संपतो. पुढील मार्गदर्शन तो वेळ सार्थकी लागावा यासाठी आहे. आपल्या देशाची मैत्री आणि भारती ही संशोधन केंद्रे याच खंडावर असली, तरी ती पूर्व अंटार्क्टिकात, येथून हजारो किलोमीटर दूर आहेत. त्यामुळे त्या केंद्रांविषयी वाचलेली माहिती या बेटाच्या तयारीसाठी फारशी उपयोगी पडत नाही.

पहिली पायरी: घरी बसून नकाशा वाचावा

या बेटावर जे जे दिसते, त्या प्रत्येकाचे कारण त्याच्या आकारात आहे. जहाजाचा मार्ग, पेंग्विनांच्या वसाहतींच्या जागा, शेवाळ उगवणारे कोपरे आणि माणसांच्या इमारतींचे अवशेष, या सर्वांचा उलगडा नकाशावरून होतो. म्हणून प्राण्यांची चित्रे पाहण्याआधी नकाशा पाहावा, असा माझा आग्रह आहे.

बेट घोड्याच्या नालेच्या आकाराचे असून त्याचा व्यास साधारण 12 ते 15 किलोमीटर आहे. मधल्या जलाशयाला पोर्ट फॉस्टर म्हणतात. तो सुमारे 9 किलोमीटर लांब व 6 किलोमीटर रुंद असून मध्यभागी दीडशे मीटरहून अधिक खोल आहे. सुमारे 4,000 वर्षांपूर्वी येथे प्रचंड उद्रेक झाला, भूगर्भातील शिलारस मोठ्या प्रमाणात बाहेर फेकला गेला आणि आधार नाहीसा झाल्याने वरचा डोंगर खाली खचला. अशा खचलेल्या कुंडाला कॅल्डेरा म्हणतात. लोणारचे सरोवर पाहिलेल्या वाचकांचा येथे गोंधळ होण्याचा संभव आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: लोणारचे विवर बाहेरून आलेल्या अशनीच्या आघाताने झाले आहे, तर डिसेप्शनचे कुंड आतून रिकामे होऊन खचल्याने झाले आहे. खचलेल्या कड्याला आग्नेय बाजूस एक खिंडार पडले आणि तेथून समुद्र आत आला.

नकाशावर पुढील ठिकाणांवर खूण करून ठेवावी. आग्नेयेचे खिंडार म्हणजे नेपच्यून्स बेलोज. त्यातून आत शिरताच उजव्या हाताला व्हेलर्स बे लागतो. ईशान्येच्या किनाऱ्यावर पेंड्युलम कोव्ह आणि वायव्येच्या कोपऱ्यात टेलेफॉन बे आहे. बाहेरच्या पूर्व किनाऱ्यावर, खुल्या समुद्राकडे तोंड करून, बेली हेड उभे आहे. बेटावरील सर्वांत उंच शिखर माउंट पाँड सुमारे 540 मीटर उंच आहे, आणि बेटाचा अर्ध्याहून अधिक भाग हिमनद्यांनी झाकलेला आहे. यांपैकी बरेच बर्फ राखेने माखलेले असल्यामुळे नवख्या माणसाला ते मातीचे उतार वाटतात. काळ्या उतारातून पाणी झिरपताना दिसले, तर त्या राखेखाली हिमनदी आहे असे समजावे आणि तिच्यावर पाऊल टाकू नये.

दुसरी पायरी: हंगाम, परवानगी आणि कागदपत्रे

पर्यटकांची जहाजे नोव्हेंबर ते मार्च या काळातच येथे येतात. बहुतेक सफरी अर्जेंटिनातील उश्वाया बंदरातून निघतात आणि ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला दोन दिवस घेतात. चिलीतील पुंता अरेनासहून विमानाने किंग जॉर्ज बेटावर उतरून जहाज गाठण्याचाही पर्याय आहे. ड्रेकची सर्वांत अरुंद रुंदी सुमारे 800 किलोमीटर असून तेथील समुद्र खवळलेला असण्याचीच शक्यता अधिक असते. बोट लागण्यावरील औषधाविषयी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे आणि ते त्रास सुरू झाल्यावर नव्हे, तर जहाज खुल्या समुद्रात शिरण्याआधी घ्यावे.

महिना निवडताना आपल्याला काय पाहायचे आहे याचा विचार करावा. नोव्हेंबरमध्ये बेटावर बर्फ अधिक असतो, पेंग्विन घरट्यांची जुळवाजुळव करीत असतात आणि भूरचना झाकलेली राहते. डिसेंबरअखेरीपासून पिल्ले दिसू लागतात. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत राखेचे उतार उघडे पडलेले असतात, फर सील किनाऱ्यावर येऊ लागतात आणि सामुद्रधुनीत देवमासे दिसण्याची शक्यता वाढते. ज्याला ज्वालामुखी वाचायचा आहे, त्याने जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी निवडावा, असे मी सुचवेन.

परवानगीचा विषय दुर्लक्षित राहतो, पण तो महत्त्वाचा आहे. 60 अंश दक्षिणेच्या खालचा सर्व प्रदेश अंटार्क्टिक कराराखाली येतो. भारत 1983 पासून या कराराचा सदस्य आहे आणि 2022 मध्ये आपल्या संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला आहे. परदेशी कंपनीच्या जहाजाने जाणाऱ्या प्रवाशाची परवानगी सामान्यतः त्या कंपनीने आपल्या देशाकडून घेतलेल्या परवान्यात समाविष्ट असते. तरीही आरक्षण करण्यापूर्वी कोणत्या सदस्य देशाचा परवाना आहे हे आयोजकांकडून लेखी घ्यावे. ज्या देशाच्या बंदरातून निघून पुन्हा तेथेच परतायचे आहे, त्याचा व्हिसा दोनदा प्रवेश देणारा असावा का, हेही विचारून घ्यावे. प्रवासविम्यात वैद्यकीय स्थलांतराचा खर्च समाविष्ट असल्याशिवाय निघू नये, कारण या भागातून आजारी माणसाला हलवणे अतिशय खर्चिक असते.

आणखी एक प्रश्न आयोजकांना जरूर विचारावा: जहाजावर प्रवासी किती? 500 हून अधिक प्रवासी असलेली जहाजे कोणालाही किनाऱ्यावर उतरवत नाहीत. एका वेळी एका ठिकाणी जास्तीत जास्त 100 प्रवासी उतरू शकतात, त्यामुळे जहाज जितके लहान तितका प्रत्येकाला जमिनीवर मिळणारा वेळ अधिक.

तिसरी पायरी: कपडे आणि त्यांची सफाई

उन्हाळ्यातही येथील तापमान शून्याच्या जरासे वर-खाली असते आणि खरा त्रास थंडीपेक्षा वारा व ओलावा यांचा होतो. अंगालगत लोकरीचा किंवा घाम सुकवणारा थर, त्यावर उबदार थर आणि सर्वांवर वारा-पाणी अडवणारे जॅकेट व पँट, एवढे पुरेसे आहे. सुती कपडे आणि जीन्स टाळाव्यात, कारण त्या भिजल्यावर वाळत नाहीत. गुडघ्यापर्यंतचे गमबूट अनेक जहाजांवर मिळतात. आपल्या मापाचा जोड आहे का याची आधी खात्री करावी. हातमोज्यांचे दोन जोड न्यावेत. बेटावरील बारीक राख वाऱ्याबरोबर कॅमेऱ्यात शिरते, म्हणून किनाऱ्यावर लेन्स बदलू नये.

सफाईचा मुद्दा मी मुद्दाम विस्ताराने मांडतो, कारण डिसेप्शनवर त्याचे महत्त्व इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे. येथील जमीन काही ठिकाणी उबदार आहे, म्हणजे बाहेरून आलेले बी किंवा कीटक इतरत्र थंडीने मरतील, पण येथे जगू शकतात. 2009 मध्ये व्हेलर्स बेच्या परिसरात दक्षिण अमेरिकेतील दोन फुलझाडांची रोपे आढळली होती. स्प्रिंगटेल नावाच्या सूक्ष्म कीटकसदृश जीवांच्या अनेक परक्या जातींनीही या बेटावर बस्तान बसवले आहे. म्हणून पूर्वी ट्रेकला वापरलेली सॅक, बूट, काठीचे टोक आणि जॅकेटचे खिसे घरीच स्वच्छ करावेत. वेल्क्रोच्या पट्ट्यांत गवताची कुसळे अडकतात, ती चिमट्याने काढावीत. सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या सामानात ही कुसळे हमखास असतात. जहाजावर पुन्हा तपासणी होते आणि प्रत्येक वेळी उतरण्यापूर्वी व परतल्यावर बूट जंतुनाशकात बुडवावे लागतात.

2024 च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या परिसरात बर्ड फ्लूचा घातक विषाणू आढळल्यापासून नियम अधिक कडक झाले आहेत. किनाऱ्यावर बसणे, गुडघे टेकणे, आडवे होणे किंवा सॅक जमिनीवर ठेवणे वर्ज्य आहे. ज्यांना खाली वाकून छायाचित्रे घेण्याची सवय आहे, त्यांनी उभ्यानेच छायाचित्रे घेण्याचा सराव करून यावे. आजारी किंवा मेलेला पक्षी दिसल्यास जवळ न जाता मार्गदर्शकाला सांगावे.

चौथी पायरी: नेपच्यून्स बेलोजमधून प्रवेश

जहाज खिंडाराजवळ येण्याची सूचना झाली, की डेकवर जावे, मग ती पहाटेची वेळ असली तरी. हे खिंडार काही शे मीटर रुंद दिसते, परंतु त्याच्या मध्याजवळ पृष्ठभागाखाली जेमतेम अडीच मीटरवर रॅव्हन रॉक नावाचा खडक आहे. त्यामुळे जहाजाला उत्तरेकडील उभ्या कड्यांना जवळजवळ चिकटून आत जावे लागते. एका कडेला ब्रिटिश देवमासे-शिकारी नौकेचे भग्न अवशेष अनेक वर्षे दिसत असत. 1957 मध्ये ती येथेच खडकावर चढली होती. 2007 च्या जानेवारीतही एक मोठे प्रवासी जहाज याच परिसरात खडकाला घासले आणि त्यातील प्रवाशांना दुसऱ्या जहाजावर हलवावे लागले. कप्तानाने वाऱ्यामुळे आत जाण्याचा बेत रद्द केला, तर नाराज न होता त्याच्या निर्णयाचा आदर करावा.

आत शिरताना उजवीकडील कड्यांकडे दुर्बिणीने पाहावे. तेथे केप पेट्रेल पक्ष्यांची घरटी असतात. पंखांवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असल्याने ते लगेच ओळखू येतात. कड्यांच्या थरांकडेही पाहावे. राखेचे आणि दगडांचे पिवळसर-तांबूस थर एकावर एक रचलेले दिसतील; बेट कसे घडले हे समजण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

पाचवी पायरी: व्हेलर्स बेवर उतरणे

किनाऱ्यावर झोडियाक या रबरी बोटीतून नेतात. चढताना-उतरताना दोन्ही हात मोकळे ठेवावेत आणि खलाशाचा हात पंजाने नव्हे, तर मनगटाच्या वर पकडावा. बोट काठाला लागल्यावर पाय पाण्यातच पडतात.

पाण्याच्या कडेला वाफ उठताना दिसेल आणि गंधकाचा वास येईल. वाळूखालून गरम पाणी झिरपत असते, त्यामुळे अगदी काठावर ते कोमट, तर दोन पावलांवर बर्फगार लागते. काही ठिकाणी वाळूच्या थोड्याच खाली पाणी पोळण्याइतके गरम असते. पूर्वी पर्यटक वाळूत खड्डे खणून गरम पाण्यात बसत. तसे करू नये, कारण या उबदार वाळूत राहणारे सूक्ष्मजीव त्यामुळे नष्ट होतात.

समोर दिसणाऱ्या प्रचंड टाक्या आणि बॉयलर हे देवमाशांच्या तेलउद्योगाचे अवशेष आहेत. 1820 मध्ये हे बेट जगाला कळले आणि पाठोपाठ फर सीलच्या कातड्यांसाठी शिकारी आले. पाच-सहा वर्षांतच त्यांनी सील जवळजवळ संपवले. 1906 मध्ये चिलीत स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन अँड्रेसन यांनी येथे तरंगत्या कारखान्यावर देवमाशांचे तेल काढण्यास सुरुवात केली. प्रारंभी फक्त चरबीचा थर काढून उरलेले धूड फेकून दिले जाई. 1912 पासून हेक्टर या नॉर्वेजियन कंपनीने किनाऱ्यावर कारखाना चालवला आणि हीच धुडे उकळून तेल काढले. पुढे मागील बाजूस उतार असलेल्या जहाजांवर भर समुद्रातच देवमासा ओढून घेणे शक्य झाले, तेलाचे भावही कोसळले, आणि 1931 मध्ये कारखाना बंद पडला. 1928 च्या 16 नोव्हेंबरला ह्यूबर्ट विल्किन्स आणि कार्ल बेन आयल्सन यांनी याच किनाऱ्यावरून अंटार्क्टिकातील पहिले विमानोड्डाण केले. 1944 मध्ये ब्रिटिशांनी येथे तळ उभारला.

हे सर्व अवशेष संरक्षित ऐतिहासिक स्थळ आहेत. इमारतींत जाऊ नये, टाक्यांना टेकू नये, आणि वाळूतले हाड, लाकडाचा तुकडा किंवा खिळासुद्धा उचलू नये. इमारती राखेत अर्ध्या गाडल्या गेलेल्या का दिसतात, याकडे मात्र लक्ष द्यावे: 1969 मध्ये माउंट पाँडच्या उतारावर बर्फाखाली भेगा पडून उद्रेक झाला, बर्फ वितळले आणि चिखल-राखेचा लोंढा थेट तळावर आला. 35 जणांना पुरलेली शिकाऱ्यांची दफनभूमी त्याच लोंढ्याखाली गेली.

वेळ आणि परवानगी असल्यास किनाऱ्याने पूर्वेकडे नेपच्यून्स विंडो या कड्यातील खिंडीपर्यंत चालत जावे. हवा स्वच्छ असेल तर तेथून अंटार्क्टिक द्वीपकल्पाची बर्फाच्छादित रेषा दिसते. पश्चिमेकडील क्रोनर सरोवराच्या बाजूला मात्र जाऊ नये. गरम पाण्याने पोसलेले हे खाजण विशेष संरक्षित क्षेत्रात येते. या क्षेत्राचे बेटभर विखुरलेले 11 तुकडे आहेत आणि त्यांत पर्यटकांना प्रवेश नाही.

या तुकड्यांमागचे कारण वनस्पती हे आहे. वाफेच्या छिद्रांभोवतीच्या उबेत शेवाळाच्या आणि दगडफुलांच्या अशा जाती वाढतात, ज्यांपैकी काही अंटार्क्टिकात दुसरीकडे कोठेही सापडलेल्या नाहीत. काळ्या राखेत हिरवा ठिपका दिसला, तर त्याला वळसा घालावा. शेवाळावरचा बुटाचा ठसा भरून यायला अनेक वर्षे लागतात.

प्राण्यांशी वागण्याची रीत

व्हेलर्स बेवर पेंग्विनांची वसाहत नाही, चुकार एखाद-दुसरा दिसतो. येथे मुख्यतः सील भेटतात आणि त्यांत फरक करता येणे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. वेडेल सील गोलमटोल, ठिपकेदार, लहान डोक्याचा असतो आणि बहुधा झोपलेला आढळतो. त्याच्यापासून 5 मीटर अंतर पुरते. फर सीलला बाहेर आलेले छोटे कान असतात, तो पुढच्या पायांवर उभा राहतो आणि जमिनीवर माणसापेक्षा वेगाने धावू शकतो. त्याच्यापासून 15 मीटर दूर राहावे. तो अंगावर आलाच तर पाठ फिरवून पळू नये; जागेवर उभे राहून हात पसरावेत, आवाज करावा आणि मग सावकाश मागे सरावे. सील आणि पाणी यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये.

स्कुआ हा तपकिरी शिकारी पक्षी डोक्यावर झेप घेऊ लागला, तर आपण त्याच्या घरट्याजवळ आलो आहोत असे समजून आल्या वाटेने परतावे. सुरय आणि केल्प गल यांची घरटी अवशेषांच्या आसपास उघड्या जमिनीवरच असतात, म्हणून मार्गदर्शकांनी लावलेल्या खुणांच्या आतच चालावे.

पेंग्विन पाहायचे तर बेटाच्या बाहेरच्या किनाऱ्यावर जावे लागते, कारण त्यांचे अन्न, म्हणजे क्रिल हे कोळंबीसारखे इवलेसे जीव, खुल्या समुद्रात आहे. बेली हेडची वसाहत चिनस्ट्रॅप पेंग्विनांची आहे. हनुवटीखालून जाणाऱ्या बारीक काळ्या रेघेवरून हा पेंग्विन ओळखावा. 2011 च्या हंगामातील गणनेत बेली हेडवर सुमारे 50,000 आणि संपूर्ण बेटावर सुमारे 80,000 जोड्या आढळल्या. हे आकडे मोठे वाटले, तरी 1980 च्या दशकाच्या तुलनेत बेली हेडवरील संख्या निम्म्याहून खाली आली असल्याचा निष्कर्ष त्याच अभ्यासात निघाला, आणि संशोधकांनी त्याचा संबंध पर्यटनापेक्षा बदलत्या हवामानाशी जोडला. मला ही बाब या बेटावरील सर्वांत गंभीर वाटते, आणि येथे येणाऱ्या प्रत्येकाने ती जाणून यावे.

बेली हेडवर उतरणे कठीण आहे. काळ्या वाळूचा किनारा तीव्र उताराचा असून लाटा थेट आदळतात, त्यामुळे बऱ्याच सफरींत ही जागा वगळावी लागते. उतरायला मिळालेच, तर वितळलेल्या पाण्याच्या ओढ्यालगत वर जावे. डोंगरांनी वेढलेल्या विस्तीर्ण खोलगटात, सर्व उतारांवर, घरटी पसरलेली दिसतात. समुद्राकडे जाणारे आणि पोट भरून परतणारे पेंग्विन एकाच वाटेने ये-जा करतात. त्या वाटेवर थांबू नये, कारण परतणाऱ्या पालकाच्या पोटातले अन्न पिल्लासाठी असते आणि प्रत्येक अडथळ्यात त्याची शक्ती खर्च होते.

सहावी पायरी: टेलेफॉन बे, पेंड्युलम कोव्ह आणि धोक्याची जाणीव

टेलेफॉन बेमध्ये प्राणी कमी आणि भूगोल जास्त आहे. 4 डिसेंबर 1967 रोजी येथे पाण्यातून उद्रेक होऊन नवे बेट वर आले. 1970 च्या उद्रेकाने ते किनाऱ्याला जोडले गेले. विवरांच्या कडेने चालताना काठापासून आत राहावे, कारण सैल राख पायाखालून सरकते. पेंड्युलम कोव्हमध्ये 1829 साली हेन्री फॉस्टर यांनी लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वाकर्षणाची मापे घेतली होती. तेथील चिलीचा तळ 1967 च्या उद्रेकात उद्ध्वस्त झाला. माणसे मात्र वाचली.

हे उद्रेक पुन्हा होऊ शकतात. स्पेनचा गॅब्रिएल दे कास्तिया आणि अर्जेंटिनाचा देसेपसिओन हे दोन तळ उन्हाळ्यात येथे चालू असतात आणि स्पेनचे शास्त्रज्ञ भूकंपमापकांद्वारे ज्वालामुखीवर लक्ष ठेवतात. धोक्याची पातळी रंगांनी जाहीर केली जाते आणि जहाजांना ती आधी कळते. उतरण्यापूर्वीच्या सभेत तीन गोष्टी नीट ऐकून घ्याव्यात: जहाजाच्या भोंग्याचा परतीचा संकेत कोणता, जमायचे ठिकाण कोणते, आणि बोटी येऊ शकल्या नाहीत तर बेटाच्या बाहेरच्या बाजूस जाण्याची वाट कोणती. संकेत झाल्यावर सामान गोळा करीत बसू नये.

परतताना बूट घासून जंतुनाशकात बुडवून झाले, की पुन्हा डेकवर यावे. ब्रान्सफील्ड सामुद्रधुनीत कुबडे देवमासे वारंवार दिसतात. बुडी मारताना ते शेपूट वर उचलतात आणि शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक देवमाशाची वेगळी असते. तिचे स्पष्ट छायाचित्र मिळाले, तर त्यासोबत तारीख, वेळ आणि जहाजाच्या पडद्यावरचे अक्षांश-रेखांश लिहून घ्यावेत आणि हॅपीव्हेल या खुल्या नोंदसंग्रहाकडे पाठवावेत. तोच देवमासा पूर्वी कोणाला दिसला असेल, तर कोठे आणि कधी दिसला, हे आपल्याला तेथून कळवले जाते.